कपाटावरचा ग्रंथ खाली काढू या

कुठल्याही गावातल्या वाचनालयात पुस्तकं बदलून देतात त्या टेबलापाशी दहा मिनिटं उभं राहा. बायका काय काय नेतात ते दिसतं. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, मासिकं. दिवाळीनंतर अंकांसाठी नंबर लागलेले असतात. ‘हल्ली बायका वाचत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावंच. पण एखादीनं ‘गीतारहस्य’ मागू दे, नाहीतर उपनिषदांवरचा एखादा जाडजूड ग्रंथ! लगेच विचारणा होते, ‘‘सासऱ्यांसाठी हवंय का?’’ किंवा ‘‘एम. ए. ला बसलात वाटतं!’’ म्हणजे असलं पुस्तक एक तर निवृत्त पुरुषानं वाचायचं, नाहीतर परीक्षा देणाऱ्यानं. घर सांभाळणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या बाईनं केवळ तिला वाटलं म्हणून ते वाचावं, हे कुणाच्या मनातच येत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या तरी कुठे येतं?

मला वाटतं, तत्त्वज्ञानाचे अवघड ग्रंथ आपल्यासारख्या सर्वसामान्य बायकांनी मुद्दाम वाचावेत. पुण्य मिळावं म्हणून नव्हे, आणि चारचौघीत विद्वान म्हणवून घेण्यासाठी तर नव्हेच. कारण अगदी साधं आहे. कठीण प्रसंग आला की आपण दुसऱ्यांनी शिकवलेली वाक्यं आठवतो. कर्म करत राहावं, फळाची अपेक्षा करू नये. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. प्रारब्धात असेल ते चुकत नाही. ही वाक्यं आपल्याला लहानपणापासून ऐकवलेली असतात, आणि आपणही ती सुनेला, लेकीला ऐकवतो. पण ती ज्या ग्रंथांतून आली, तिथे त्यांच्या मागे-पुढे काय म्हटलंय, हे आपण कधी बघत नाही. सारांश दुसऱ्याचा आणि आयुष्य आपलं, असा हा कारभार!

आम्हा रत्नागिरीकरांना तर सबब सांगायला जागाच नाही. टिळक आळीतल्या घरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला. पाहुणे आले की ते घर दाखवायला नेणं हा आमचा रिवाजच. आणि गावातल्या कितीतरी घरांत ‘गीतारहस्य’ असतं. आजोबांनी विकत घेतलेलं, नाहीतर कुणाला तरी बक्षीस मिळालेलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलेलं. कोकणातल्या पावसात बुरशी धरू नये म्हणून वर्षातून एकदा खाली काढायचं, उन्हात ठेवायचं, पुसायचं आणि परत वर! निगा उत्तम, वाचन शून्य.

या पुस्तकाची जन्मकथा बहुतेकींना शाळेपासून माहीत असते. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. योगायोग बघा, ज्या मंडालेत रत्नागिरीत जन्मलेला माणूस कैदेत होता, त्या मंडालेचा पदच्युत राजा थिबा इंग्रजांनी १८८६ पासून आमच्या रत्नागिरीत आणून ठेवला होता! १९१० मध्ये थिबा नव्या राजवाड्यात राहायला गेला, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिकडे टिळकांनी हा ग्रंथ लिहायला घेतला. मोजून दिलेल्या पानांच्या वह्यांमध्ये, पेन्सिलीनं. १९११ च्या मार्चअखेर कच्चा मसुदा तयार झाला, आणि सुटका झाल्यावर, १९१५ मध्ये, पुस्तक छापून आलं.

पण या कथेतला जो भाग वाचकांच्या कामाचा आहे तो फारसा सांगितला जात नाही. प्रस्तावनेत टिळक सांगतात, की गीतेशी त्यांची पहिली ओळख झाली ती १८७२ साली. वडील अखेरच्या आजारात होते. गीतेवरची एक मराठी टीका त्यांना वाचून दाखवायचं काम सोळा वर्षांच्या मुलाकडे आलं. त्या वयात त्याचा अर्थ आपल्याला पुरता कळला नव्हता, असं ते मोकळेपणानं लिहितात. तिथपासून ग्रंथ लिहीपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं गेली. म्हणजे एवढ्या बुद्धिमान माणसालाही पहिल्या वाचनात अर्थ हाती लागला नव्हता. मग आपल्याला पहिल्या दहा पानांत काही कळलं नाही, तर लगेच ‘आपल्या डोक्यात नाही शिरायचं बाई’ म्हणून मिटून का ठेवायचं? मोदकाची पारी पहिल्याच गणपतीत कुणाला जमली होती? फाटली, सांडली, तरी पुढच्या वर्षी पुन्हा केलीच ना!

हे आपलं काम नव्हे, ही समजूत तर अगदीच खोटी आहे. मराठीत तत्त्वज्ञान आलं तेच मुळी सामान्य माणसांसाठी आणि त्यातही बायकांसाठी. तेराव्या शतकात महानुभाव पंथात केशोबास नावाचे विद्वान संस्कृतात लिहायला निघाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. तुम्ही संस्कृतात लिहाल तर आमच्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, असा त्यांचा मुद्दा होता. पंडितांची नाही, म्हाताऱ्यांची काळजी! त्याच पंथातली महदाइसा प्रश्न विचारून विचारून चक्रधरस्वामींना भंडावून सोडायची, आणि ते तिच्यावर रागावत नसत, तिच्या जिज्ञासेचं कौतुक करत. १२९० साली ज्ञानेश्वरांनी सातशे श्लोकांच्या गीतेवर जवळजवळ नऊ हजार ओव्या लिहिल्या, त्याही याच भाषेत. आणि अलीकडचं उदाहरण विनोबांचं. तेही कोकणातले, पेणजवळच्या गागोद्याचे. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळत नव्हती. मुलानं मराठी भाषांतर आणून दिलं, तेही अवघड गेलं. मग तूच का करत नाहीस, असं आईनं मुलाला सुचवलं. आई १९१८ साली गेली. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३० मध्ये, विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली. एका घरगुती बाईनं ‘मला कळत नाही’ एवढं स्पष्ट सांगितलं, म्हणून महाराष्ट्राला हे पुस्तक मिळालं. ‘मला कळत नाही’ म्हणण्यात कमीपणा नसतो, तो असा.

टिळकांच्या बाबतीत मात्र चित्र वेगळं आहे, आणि तेही सांगायला हवं. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमाला टिळकांच्या वर्तमानपत्रांनी कडाडून विरोध केला. मुलींना मुलांसारखंच इंग्रजी वळणाचं शिक्षण द्यावं, हे त्यांना पटत नव्हतं. म्हणजे ‘गीतारहस्य’ लिहिताना हे पुस्तक घेऊन बसलेली बाई त्यांच्या डोळ्यांपुढे असेल असं काही वाटत नाही. मग आपण ते वाचू नये का? उलट, म्हणूनच वाचावं! ज्यानं आपल्याला बोलावलं नाही त्याच्या घरी जेवायला जाऊ नये, पण त्याच्या पुस्तकात जायला हरकत नसते. पुस्तक छापलं गेलं की ते वाचेल त्याचं होतं. शिवाय टिळकांनी स्वतः तरी काय केलं? शंकराचार्यांसारख्या थोर भाष्यकाराचा आदर राखून, ‘गीतेचा मुख्य उपदेश संन्यासाचा नाही, कर्मयोगाचा आहे’ असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मोठ्यांशी वाद कसा घालावा याचा तो वस्तुपाठच आहे. तीच सवलत आपण त्यांच्याशी वाद घालताना घेऊ या.

आता या आठ-नऊशे पानांत आपल्यासाठी असतं काय? मी फक्त दुसऱ्या प्रकरणाबद्दल सांगते. त्याचं नाव ‘कर्मजिज्ञासा’. नाव ऐकून घाबरू नका. आत प्रश्न आहे तो रोजचा. दोन्ही बाजूंना कर्तव्यच असेल तर माणसानं काय करावं? टिळक तिथे शेक्सपियरच्या हॅम्लेटची गोष्ट आणतात, महाभारतातल्या गोष्टी आणतात. दुष्काळात भुकेनं व्याकूळ झालेला विश्वामित्र चोरी करून कुत्र्याचं मांस खायला निघतो, ते पाप की जीव वाचवणं हा धर्म? कौशिक नावाचा एक ब्राह्मण नेहमी खरं बोलायचं व्रत घेतो. दरोडेखोर येऊन विचारतात, लोक कुठे लपले? तो खरं सांगतो, आणि लोक मारले जातात. महाभारतात कृष्ण म्हणतो, हे सत्य नव्हे, याचं पाप कौशिकाला लागलं.

आता गंमत बघा. जवळजवळ हाच प्रश्न जर्मनीतल्या कान्ट या तत्त्वज्ञापुढेही आला होता. टिळक ‘गीतारहस्या’त त्याचं नाव वारंवार घेतात. खुनी माणूस दारात येऊन, तुमचा मित्र घरात आहे का, असं विचारू लागला तर? कान्टनं १७९७ साली एका लेखात उत्तर दिलं, की तेव्हाही खोटं बोलू नये. एकदा सोयीसाठी खोटं चाललं की कुणाच्याच शब्दाला अर्थ राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे एकच प्रश्न, आणि दोन मोठ्या परंपरांतली दोन उत्तरं. कोणतं बरोबर? पुस्तक तुमच्या वतीनं ठरवून देत नाही, तुम्हाला विचार करायला लावतं.

आणि हा प्रश्न काही पुस्तकातला नाही हो! घरातल्या माणसाला मोठा आजार निघतो. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात आणि सगळे घरच्या बाईकडे बघतात. आजारी माणसाला सांगायचं की नाही? लेकीच्या सासरी चाललेला त्रास तिच्या वडिलांना कळवायचा, की ‘कुणाला सांगू नकोस’ हा तिला दिलेला शब्द पाळायचा? नवऱ्याची चूक झाकायची, की मुलांपुढे खरं बोलायचं? असे निर्णय आपण ओट्यापाशी उभ्या उभ्या घेतो आणि पुढे वर्षानुवर्षं मनाला खात बसतो, ‘माझं चुकलं का?’ या प्रश्नावर हजारो वर्षं शहाणी माणसं डोकं खपवत आली आहेत, हे कळलं तरी एकटेपण कमी होतं. आपण वेड्या नव्हतो, प्रश्नच अवघड होता, एवढा दिलासाही काही थोडा नाही.

पूर्ण वाचण्याचा आणखी मोठा फायदा मला वाटतो तो असा. ‘कर्म कर, फळावर हक्क सांगू नकोस’ हा दुसऱ्या अध्यायातला श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ असतो. बायकांना तर तो फारच ऐकवला जातो. राबा आणि अपेक्षा ठेवू नका! पण अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, कृष्ण अर्जुनाला काय म्हणतो हे कितीजणींना कुणी सांगितलंय? तो म्हणतो, यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. त्रेसष्टावा श्लोक आहे, काढून बघा. युद्धभूमीवर, साक्षात देव म्हणवला जातो तो, समोरच्याला निर्णयाचा अधिकार देतो! त्यानंतर तीनच श्लोकांनी ‘मला शरण ये’ असंही सांगितलंय. मग या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? इथे भाष्यकारांची मतं वेगळी आहेत, तुमचंही वेगळं असू शकेल. पण निदान हे दोन्ही श्लोक तिथे आहेत हे आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ‘निष्काम कर्म’ म्हणजे बिनबोभाट, बिनमोबदल्याचं, बिनकौतुकाचं घरकाम असा अर्थ जर कुणी आपल्यापुरता काढून ठेवला असेल, तर तो मूळ पुस्तकात आहे का हे तपासायला नको?

‘‘पण प्रवचनाला जातो की आम्ही!’’ असं बऱ्याचजणी म्हणतील. जरूर जा. चांगला प्रवचनकार भेटणं हे भाग्यच. विनोबांची गीतेवरची प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी ती लिहून घेत होते, म्हणून आज ती आपल्याला वाचता येतात. प्रवचनाला नाव ठेवायचं कारणच नाही. फक्त तिथे घास भरवलेला असतो. कोणता श्लोक घ्यायचा, कोणता सोडायचा हे सांगणाऱ्यानं ठरवलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणाऱ्या सुविचारांबद्दल तर बोलायलाच नको. ‘श्रीकृष्ण म्हणतात’ असं लिहून खाली कुणाचंही वाक्य चिकटवलेलं असतं. मूळ पुस्तक एकदा हाताळलेलं असलं की असली वाक्यं लगेच ओळखू येतात.

पारायणाबद्दलही एक सांगते, रागावू नका. सात दिवसांत ज्ञानेश्वरीचं पारायण करणं ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिचा आनंद वेगळा आहे. पण नऊ हजार ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज तेराशेच्या घरात! त्यात थांबून ‘म्हणजे काय?’ असं विचारायला वेळच नसतो. तेव्हा पारायण पारायणाच्या जागी ठेवा, आणि वाचनासाठी रोज पाच ओव्या वेगळ्या काढा.

वाचायचं ठरवलंच, तर अनुभवानं सुचलेल्या काही गोष्टी सांगते. पहिल्या पानापासून सुरुवात केलीच पाहिजे असं नाही. अनुक्रमणिका बघा आणि आपल्या प्रश्नाचं प्रकरण काढा. ‘गीतारहस्या’त ‘कर्मजिज्ञासा’ आणि ‘सुखदुःखविवेक’ ही प्रकरणं त्यातल्या त्यात जवळची वाटतात. सांख्यशास्त्राचं सातवं आणि विश्वाच्या उभारणीचं आठवं प्रकरण जड जातं. ती बाजूला ठेवलीत तर कुणी परीक्षेत नापास करणार नाही. रोज दोनच पानं, पण हातात पेन्सिल हवी. शंभर वर्षांपूर्वीची वाक्यं लांबलचक असतात, कधी कधी अर्ध्या पानाची. अशा वेळी आधी शेवटचं क्रियापद शोधा, मग ते कुणी केलं ते शोधा. मधली पोटवाक्यं नंतर जोडत न्या. वाक्य आपोआप सुटतं. एका वहीत शब्द लिहून ठेवा. क्षर, अक्षर, प्रकृती, बुद्धी. तेच तेच शब्द पुन्हा येतात, महिन्याभरात ओळखीचे होतात. आणि मोठ्यानं वाचा. डोळ्यांना न कळलेलं पुष्कळदा कानाला कळतं.

शक्य असेल तर तिघी-चौघी मिळून वाचा. हळदीकुंकवाला जमतो, भिशीला जमतो, तशा महिन्यातून एकदा पुस्तकासाठी जमायचं. पण एक नियम ठेवायचा. तिथे कुणी गुरू नाही. जिला कळलं नाही तिनं आधी बोलायचं, आणि दुसरीनं तिला हसायचं नाही. टीका, सुलभ अर्थ, मार्गदर्शक पुस्तकं अवश्य बघा, पण आपलं वाचून झाल्यावर. आधीच बघितलीत तर आपल्या डोक्याला काही कामच उरत नाही. आणि कळलं नाही त्या जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करून पुढे जा. सहा महिन्यांनी परत त्या पानावर आलात की यातली निम्मी चिन्हं खोडता येतात. उरलेली तशीच राहू देत. काही प्रश्न जन्मभराचे असतात.

वेळेचं काय, हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे मार्च ते मे म्हणजे आंबा, आंबोशी, साठं, फणसपोळी, आणि वर मुंबईहून आलेली पाहुणेमंडळी. त्या दिवसांत दोन पानं काय, दोन मिनिटं मिळत नाहीत. पण जून लागला, पाऊस धरला, की संध्याकाळी बाहेर पडता येत नाही आणि वीजही धड नसते. तेव्हा पाऊण तास मिळतो. मालिकेच्या दोन भागांमधूनही काढता येतो. खरी अडचण वेळेपेक्षा संकोचाची आहे. बाई कादंबरी वाचत बसली तर ‘वेळ जात नाही वाटतं’ म्हणतात, आणि ग्रंथ वाचत बसली तर ‘आता संन्यास घेणार वाटतं’ म्हणतात. म्हणू देत. चार दिवस म्हणतील, पाचव्या दिवशी चहा स्वतः करून घेतील!

प्रत्येक मोठा ग्रंथ आपल्याला आवडेलच असंही नाही. एखादा खरंच रूक्ष असतो, एखाद्याची वेळ आलेली नसते. पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचूनही मन लागलं नाही तर सरळ परत करा आणि दुसरा घ्या. ‘गीतारहस्य’ जमलं नाही तर विनोबांची ‘गीता प्रवचने’ घ्या, ती भाषा बोलण्यासारखी आहे. उपनिषदांकडे जायचं असेल तर बृहदारण्यकातल्या गार्गीपासून सुरुवात करा. भरल्या सभेत ती याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारत जाते. शेवटी तो म्हणतो, आता पुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल! ती गप्प बसते खरी. पण पुढे त्याच सभेत ती पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. आणि डोकं तिचं जागच्या जागीच राहतं.

आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. जवळपास दोनशे वर्षं इथे पुस्तकं घरोघरी जाताहेत. तुमच्याही गावात लहानमोठं वाचनालय असेलच. या पावसाळ्यात एक कादंबरी घ्याल, तेव्हा सोबत एक अवघड पुस्तकही मागा. घरी कपाटावर असेल तर स्टूल घेऊन खाली काढा, प्लॅस्टिक सोडा. आणि कुणी विचारलंच, ‘‘सासऱ्यांसाठी का?’’ तर सांगा, ‘‘नाही हो, माझ्यासाठी.’’